दुसरा ठोका

“अगं, त्या म्हणजे…” एवढं बोलून नंदकिशोरचा आवाज बंद पडला. बसला नाही, चिरकला नाही. वीज जावी तसा गेला. गळ्याला टेकवलेलं टॉर्चएवढं यंत्र गुरगुरायचं थांबलं, ओठांनी पुढचं नाव सवयीनं उच्चारलं, आणि ते नाव तोंडातल्या तोंडात राहिलं. समोर खिडकीपाशी शुभदा कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून बसली होती. तिनंच विचारलं होतं, की कॉलनीत आपल्या समोर राहायच्या, आपल्या वेदिकाच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू घेऊन यायच्या, त्या धारवाडकडच्या बाईंचं नाव काय हो? फार काही महत्त्वाचं नव्हतं. म्हातारपणी नवराबायको बोलतात ते असलंच बोलतात. “त्या म्हणजे कोण?” ती म्हणाली. त्यानं यंत्र तळहातावर आपटलं, बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. चार्जिंगला लावून काढलं. “अहो, त्या म्हणजे कोण?” म्हणत तिनं मान त्याच्याकडे वळवली, पण ती वळली जरा चुकीच्या बाजूला, तो बसला होता त्याच्या वीतभर डावीकडे. तो बोलत असला की तिची मान बरोबर त्याच्यावर यायची. आवाज गेल्याबरोबर तिला त्याची जागाही सापडेना.

देवाला कधीकधी गंमत सुचते, आणि ती अगदी पाचकळ असते. नंदकिशोरच्या घशात कॅन्सर निघाला, स्वरयंत्र काढून टाकावं लागलं, श्वासासाठी मानेच्या खड्ड्यात तेवढं एक भोक राहिलं. आणि त्याच सुमारास शुभदाच्या साखरेनं तिचे डोळे खाल्ले. आधी वर्तमानपत्रातली अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे, आता उजेड कुठल्या बाजूनं येतोय तेवढं कळायचं. साखरेचं पोट तेवढ्यावरही भरलं नाही, तिच्या हातांची बोटं बधिर झाली. म्हणजे ह्याला बोलता येईना, आणि ह्यानं लिहून दाखवावं तर तिला वाचता येईना. “पत्रिका बघून केलं होतं बरं का आमचं लग्न,” असं ती आल्यागेल्याला सांगायची आणि स्वतःच हसायची. आल्यागेल्याला हसावं की नाही ते कळायचं नाही. मग यंत्र आलं. गळ्याच्या एका ठराविक जागी ते टेकवून बटण दाबायचं. ते थरथरतं, ती थरथर आत शिरून तोंडात येते, आणि ओठ-जीभ हलवून माणसानं तिचे शब्द करायचे. किरणांच्या उपचारानं त्याचा गळा लाकडासारखा टणक झाला होता. थरथर आत शिरेल अशी जागा दवाखान्यातल्या बाईंना महत्प्रयासानं सापडली होती, तीही ह्याच यंत्रानं. पहिले काही महिने शुभदा त्याला भोंगा म्हणायची. “तुमचा भोंगा बंद करा, मला तुमची भीती वाटते,” असं एकदा स्पष्ट म्हणाली. पण ती त्या आवाजाच्या मागं मागं गेली. त्या सपाट गुरगुरीत तिनं त्याचा दातांवर घासणारा ‘च’ शोधून काढला, त्याचं उगाचच ‘म्हणजे कसंय’ म्हणणं शोधून काढलं, रागावला की साताऱ्याकडची एक शिवी तो अर्धी गिळायचा तीसुद्धा. एके दिवशी ती वेदिकाला फोनवर सांगत होती, “नाही गं, बाबांचा आवाज अगदी होता तसाच आहे.” नंदकिशोर आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होता. त्यानं हे ऐकलं आणि हातातला टॉवेल घेऊन तो बराच वेळ पलंगावर बसून राहिला.

आणि हे यंत्र घ्यायचं कुठून, ह्याचा त्यानं जेवढा विचार केला तेवढा वेदिकाच्या स्थळांचाही केला नव्हता. राजाजीनगरात, त्यांच्या घरापासून चालत जावं इतक्यावर नागराजचं दुकान होतं. कुबड्या, पाठीचे पट्टे, रक्तदाबाची मशिनं. नागराज निपाणीकडचा, मराठी त्याच्या पद्धतीनं फाडफाड बोलायचा. हेच यंत्र तो मागवून देणार होता. “अण्णा, कंपनीची वॉरंटी कागदावर हाय. माझी वॉरंटी म्हणजे मी हाय,” तो म्हणाला होता. “काय बी होऊ दे, पडू दे, भिजू दे, घेऊन यावा. मी स्वतः उघडून बघतो. न्हाईच झालं तर दुसरा पीस देतो की.” नंदकिशोरनं पाटीवर लिहून विचारलं, हे बिलावर लिहून देणार का? नागराज हसला. “बिलावर काय लिव्हायचं अण्णा, तोंडानं सांगितलं न्हवं.” नंदकिशोर तिथंच अडला. ज्याचं स्वतःचं तोंड निकामी झालेलं, त्याला तोंडच्या शब्दाचं काय कौतुक असणार! शिवाय तो सरकारी कारखान्यात जन्मभर इन्स्पेक्शनला होता. कागदावर नाही ते जगात नाही, अशा हवेत त्याचे केस पिकले होते. त्याचे पहिले साहेब, वादिराज म्हणून होते, ते नव्या पोरांना एकच गोष्ट शिकवायचे. “सीलला हात लावणारा चोर. मग तो बिघडवायला लावो नाहीतर दुरुस्त करायला.” ते जाऊन किती वर्षं झाली, पण रस्त्यात पडलेल्या खोक्यावरचं सील दिसलं तरी नंदकिशोरचं बोट आपोआप मागं यायचं. तेव्हा त्यानं यंत्र थेट कंपनीकडून घेतलं. बरोबर हमीचं जाडजूड पुस्तक आलं. त्या यंत्रानं त्या घरात पहिलंवहिलं वाचन केलं ते स्वतःच्याच हमीचं. कलमामागून कलम, नंदकिशोर नव्या आवाजात वाचत होता. द्रव पदार्थ अथवा परकीय वस्तू आत गेल्यास हमी रद्द. सील तुटल्यास हमी रद्द. शुभदा पेंगत म्हणाली, “मग काय झालं तर देणार हो ते?” तो म्हणाला, “काही झालं नाही तर.” ह्यावर दोघं हसली होती. नव्या आवाजातला तो पहिला विनोद.

आता यंत्र मांडीवर घेऊन बसलेल्या नंदकिशोरला ते का बंद पडलं हे ठाऊक होतं. खंडेनवमीला ठाऊक झालं होतं, आणि तेव्हापासून तो ते ठाऊक नसल्यासारखा वागत होता. दरसाल पाटावर शुभदाची शिवणाची कात्री, विळी, त्याचा मायक्रोमीटर, स्क्रूड्रायव्हरचा संच अशी हत्यारं मांडायची पद्धत. डोळे गेल्यावरही तिनं ती सोडली नव्हती; चाचपून चाचपून मांडायची. ह्या खेपेला तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, “ते द्या.” त्याला कळलं नाही. “तुमचं बोलायचं हो. ते तुमचं हत्यार नाही का? गेल्या दसऱ्याला ते नव्हतं, ह्या वर्षी पहिली पूजा.” त्यानं दिलं. ती यंत्राला म्हणाली, “मी तुला भोंगा म्हटलं होतं, मनात ठेवू नकोस.” मग फूल पाण्यात बुडवून तिनं सगळ्यांवर शिंपडलं, ओल्या बोटावर हळद घेतली, कुंकू घेतलं, आणि यंत्राचं कपाळ शोधू लागली. गोल, गुळगुळीत, थोडी खोलगट जागा तिच्या अंगठ्याखाली आली. गळ्याला टेकवायचं तोंड ते. तिथं तिनं कुंकू दाबून लावलं. बधिर बोट, किती दाबलं ते तिचं तिला कळलं नसेल. नंदकिशोर समोर उभा राहून बघत होता. ओरडायला हवं होतं. पण ओरडायचं ज्यानं ते तर पाटावर होतं. हात धरता आला असता. एक पाऊल पुढे टाकून मनगट धरायचं, बस. पण शुभदाचा चेहरा असा झाला होता, जसा वेदिकाला पहिल्यांदा न्हाऊ घालून पाळण्यात ठेवताना झाला होता. तिनं यंत्राला हात जोडले. तो मनगट धरायला गेला नाही.

दुपारी ती झोपल्यावर त्यानं कापडानं यंत्र पुसलं. वरचं कुंकू निघालं, पण तोंडाच्या कडेला, जोडाच्या फटीत, एक लाल रेघ राहिली. ओली. फुंकर मारावी तर फुंकर त्याच्या मानेतून निघायची. स्क्रूड्रायव्हर पाटावरच होता, त्यालाही कुंकू लावलेलं. तीन स्क्रू, स्पिरिटचा बोळा, चहा उकळायला लागतो तेवढा वेळ. असली कामं त्यानं जन्मभर केली होती. पण मधल्या स्क्रूवर चिमुकला चंदेरी कागद होता. सील. स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यानं त्यावर टेकवलं आणि उचललं. पुन्हा टेकवलं. बोलून बघितलं तर यंत्र छान बोलत होतं. चालतंय तर सील कशाला फोडायचं. काही झालंच तर कंपनी आहे, हमी आहे, वर्ष अजून संपायचंय. शहाणा माणूस. त्यानं स्क्रूड्रायव्हर पुसून संचात ठेवला. त्यानंतर रोज गळ्याला यंत्र लावताना तो ती रेघ बघायचा. ती आधी लाल होती, मग तपकिरी झाली, मग दिसेनाशी झाली. दिसेनाशी झाली म्हणजे वाळून गेली, असं त्यानं ठरवून टाकलं. तिच्यातली ओल आत गेली होती.

कंपनीत तक्रार करायची म्हणजे फोन. फोनवरची मुलगी, खरी नव्हे, ध्वनिमुद्रित, म्हणाली, आपली तक्रार थोडक्यात सांगा. ती जरा थांबली, आणि मग म्हणाली, आपला आवाज आमच्यापर्यंत पोचला नाही. “तेच तर म्हणतो आम्ही बाई,” शुभदा म्हणाली. मग तिनंच फोन हातात घेतला. तिनं बोलायचं, त्यानं बघायचं. पण यंत्राच्या बुडावरचा नंबर हवा होता. तो तिला दिसत नव्हता, आणि ज्याला दिसत होता त्याला सांगता येत नव्हता. त्यानं तिच्या तळहातावर बोटानं आकडा काढला. तिला काहीच कळलं नाही, काहीतरी सरपटतंय एवढंच कळलं. मग त्यानं तळव्यावर बोटानं ठोके दिले. चारला चार, सातला सात, शून्याला मूठ मिटायची. ठोका तिला लागायचा. तेवढी जान त्या हातात होती. पलीकडचा माणूस कंटाळून गेला असेल, पण नंबर पोचला, आणि फोन ठेवल्यावर शुभदाचा चेहरा इतका फुलला होता की काही काळ नंदकिशोरला वाटलं, हे जमेल. त्या दिवसापासून रीत पडली. तिनं विचारायचं, त्यानं तळव्यावर सांगायचं. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. यंत्र कंपनीनं महादेवपुऱ्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मागवून घेतलं, तिथून ते होसकोट्याच्या वर्कशॉपला गेलं, आणि होसकोट्याहून बरेच दिवस काहीच आलं नाही.

हो आणि नाही एवढ्यावर माणसाचं किती भागतं, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. भाजीत मीठ कमी आहे का? हो. वेदिकाचा फोन आला होता का? नाही. पण ‘हो, पण’ नाही, ‘तसं नव्हे गं’ नाही, ‘म्हणजे कसंय’ तर मुळीच नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तिनं विचारल्याशिवाय त्याला काही सांगताच यायचं नाही. प्रश्न तिच्याकडे, त्याच्याकडे नुसती उत्तरं. एकदा खिडकीपाशी बसली असताना ती एकदम म्हणाली, “आठवलं हो, शिवलीलाबाई. लाडू द्यायच्या त्या शिवलीलाबाई. काय प्रेमळ बाई होती!” नंदकिशोर कपाळाला हात लावून बसला. शिवलीलाबाई वरच्या मजल्यावर राहायची, नळाच्या पाण्यावरून हिच्याशी वर्षभर भांडली होती. लाडूवाल्या त्या कावेरीबाई. त्यानं तिचा हात ओढून दोन ठोके दिले. “नाही काय? प्रेमळ नव्हती? असं काय म्हणता, वेदिकाला त्यांनीच तर पहिला काजळाचा ठिपका लावला.” त्यानं पुन्हा दोन ठोके दिले. “बरं बाई, नव्हती तर नव्हती,” ती जराशी दुखावून म्हणाली. त्यानंतर ती अधूनमधून शिवलीलाबाईंच्या आठवणी काढू लागली आणि कावेरीबाई हळूहळू त्या घरातून निघून गेल्या. दोघांचं मिळून जे काही आयुष्य मागं होतं, ते आता एकटीच्या हाती होतं, आणि ती ते चुकत चुकत लावत होती, आणि तो बघत होता.

वेदिकानं पुण्याहून त्याच्या फोनवर काहीतरी घालून दिलं. आपण टाइप करायचं, फोनमधली बाई ते बोलून दाखवते. चांगली होती बाई, मराठी शुद्ध बोलायची, बातम्या सांगितल्यासारखी. पहिल्या दिवशी त्यानं टाइप केलं, ‘शुभदा, औषध घेतलंस का?’ आणि ते बाई बोलली. शुभदा ताठ झाली, पदर सारखा केला. “कोण आलंय?” मग समजावलं, समजलंही तिला, पण दोन-चार दिवसांनी ती म्हणाली, “अहो, त्या बाईला नका बोलायला लावू. तिच्या तोंडी माझं नाव येतं ते मला कसंतरी होतं. आणि ती काहीही बोलली तरी सारखंच बोलते, औषध घे म्हणायचं तेही तसंच आणि पाऊस आला म्हणायचं तेही तसंच. तुम्ही नसताच घरात, असं वाटतं.” त्यानं एक ठोका दिला. बरं. मग तो नागराजकडे गेला. दुकानात उभा राहून त्यानं गळ्याकडे बोट दाखवलं, हातांनी नाही म्हटलं. नागराजला समजलं. “आमच्याकडं घेतला असता तर…” एवढं म्हणून तो थांबला, आणि ते बरं केलं. काउंटरखालून त्यानं दुसऱ्या कुठल्याशा कंपनीचं यंत्र काढलं. “तुमचा मॉडेल आता कुठं मिळत न्हाई अण्णा, मागवायचं बी बंद झालंय. हे स्वल्प कमी पॉवरचं हाय. घेऊन जावा, चाललं तर ठेवा, न्हाई तर परत आणून द्या.” त्यानं बिलही केलं नाही. घरी येऊन नंदकिशोरनं गळ्याची जागा शोधली, इथं टेकवलं, तिथं टेकवलं, घाम फुटेपर्यंत. ती थरथर त्या टणक गळ्यात शिरेचना, बाहेरच गुणगुणत राहिली. तो सांगत होता, कावेरीबाई, अगं कावेरीबाई. शुभदानं पदराचं टोक हवेत हलवलं. “माशी शिरलीय का घरात?” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यानं यंत्र नागराजला परत नेऊन दिलं.

अखेर कंपनीचा निरोप आला, येऊन घेऊन जा. दुरुस्त झालं का, हे निरोपात नव्हतं. शुभदानं मात्र ते झालंच असं धरलं. सकाळी लवकर उठून तिनं निळी साडी नेसली, त्याला चिठ्ठी लिहायला लावली की परत येताना दुकानातून काय काय आणायचं. मेट्रोत बसल्यावर ती त्याच्या कानाशी म्हणाली, “पहिलं काय बोलणार आहात? थांबा, सांगू नका.” जणू त्याला सांगता येणार होतं! मॅजेस्टिक स्टेशनला गाडी बदलली, शहराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोघं गेली, मग रिक्षा. सर्व्हिस सेंटर काचेचं, थंडगार. काउंटरवर सौम्या नावाची मुलगी होती, नाव छातीवर लावलेलं. तिनं यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून समोर ठेवलं आणि हिंदीत सांगितलं, मॅम, रिपेअर नहीं होगा, वॉरंटीमें नहीं आता. शुभदानं विचारलं, का? सौम्या घुटमळली. “अंदर पावडर है मॅम. रेड कलर का.” शुभदा ह्या शहरात चाळीस वर्षं राहून शिकलेल्या कानडीत म्हणाली, “एनु पावडर?” कसली पावडर? आपल्या भाषेतला प्रश्न ऐकून मुलगी जरा मऊ झाली. “कुंकुमा,” ती हळूच म्हणाली, आणि हळदही जोडली, “अरिशिना, कुंकुमा. आयुधपूजा केलीत ना मॅम? ह्या दिवसांत असे खूप पीस येतात आमच्याकडे. तुमची काही चूक नाही, सगळेच करतात.” ती मनापासून बोलली, आणि बोलू नये ते बोलून गेली.

नंदकिशोरपुढे तिनं स्क्रीन वळवली होती. उघडलेल्या यंत्राचा फोटो. जन्मभर तडे आणि गंज बघितलेल्या माणसाला तो वाचून दाखवावा लागत नाही. कुंकू होतं ते जोडापाशी, केसाएवढं. आत गेलंच नव्हतं फारसं. तिथून पुढे हिरवा गंज सुरू झाला होता आणि तो एका दिवसाचा नव्हता. दमट कड रोज थोडी थोडी आत सरकत गेलेली, थरावर थर. त्या पहिल्या दुपारी स्पिरिटचा एक बोळा फिरवला असता तर तिथंच संपलं असतं. मधल्या स्क्रूवरचं चंदेरी सील आता फाटलेलं होतं, कंपनीनंच फाडलेलं, बघायला. कुंकवानं काय केलं होतं? काही नाही. मी केलं, मी, स्क्रूड्रायव्हर टेकवून उचलला. हे सगळं त्याला एका नजरेत दिसलं, आणि शेजारी शुभदा उभी होती जिला फोटो दिसत नव्हता, जिनं फक्त ऐकलं होतं. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिचे ओठ किंचित हलले, कुंकुमा, असं स्वतःशी म्हटल्यासारखे. मग ती सौम्याला म्हणाली, “सरी,” बरं, आणि पिशवीसाठी हात पुढे केला.

रिक्षा मेट्रोच्या दिशेनं निघाली. शुभदा यंत्र मांडीवर घेऊन बसली होती, प्लास्टिकच्या पिशवीवरून अंगठा फिरवत. बराच रस्ता गेला. नंदकिशोरला वाटलं, विचारू नकोस, आणि वाटलं, विचार, विचारलंस तरच मला उत्तर देता येईल. मग तिनं पिशवी दोघांच्या मधे ठेवली, उजवा तळवा उघडून त्याच्यापुढे केला, आणि रस्त्याकडे तोंड करून म्हणाली, “माझ्या कुंकवानंच गेलं ना हो?” ह्यावर विचार करायचा नव्हता. नाही. नाही, शुभदा. दोन ठोके, आयुष्यात कधी दिले नसतील इतके स्पष्ट. त्यानं बोट उचललं आणि पहिला ठोका दिला. तेवढ्यात रिक्षा हंपवरून आपटली, दोघं टपाला लागता लागता वाचली, आणि दुसरा ठोका देण्यासाठी त्याचं बोट खाली आलं तेव्हा तिथं तळवा नव्हता. बोट सीटच्या रेक्झिनवर आपटलं. तिनं हात मागं घेतला होता. एक ठोका, हो. तिला ज्याची भीती होती ते उत्तर आलं होतं आणि तिनं ते मुकाट घेतलं होतं. दोन्ही हात तिनं पदराखाली घेतले. त्यानं पदर ओढला, कोपर धरलं, खांद्यावर ठोके दिले, दोन, दोन, पुन्हा दोन. “असू द्या,” ती म्हणाली. “समजलं मला. रागावला नाहीत हेच पुष्कळ आहे.” रिक्षावाल्यानं आरशातून एकदा बघितलं आणि नजर वळवली.

मेट्रोत बसल्यावर त्यानं तिचा हात सोडवून घेतला आणि तळव्यावर दोन ठोके दिले. ती म्हणाली, “नाही काय? नाही कसं, बसायला मिळालंय की मला.” घरी आल्यावर तिनं स्वयंपाकघराकडे जाता जाता विचारलं, “चहा टाकू?” आणि त्यानं त्याच वेळी, त्या प्रश्नाचं नव्हे, रिक्षातल्या त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून तिच्या हातावर दोन ठोके दिले. “नको? बरं,” ती म्हणाली आणि गॅसकडे गेलीच नाही. उत्तर त्याच्यापाशी अख्खं शिल्लक होतं आणि प्रश्न निघून गेला होता. तो आता कधीच विचारला जाणार नव्हता, कारण तिच्या लेखी त्याचं उत्तर मिळालं होतं.

शेवटी त्यानं फोन काढला. नको म्हटलं होतं तिनं, तरी काढला. अक्षरं चुकत होती. पुसून पुन्हा लिहिलं. मग बटण दाबलं. फोनमधली बाई स्वच्छ, कोरड्या, बातम्यांच्या आवाजात म्हणाली, “शुभदा, कुंकवानं नाही गेलं. मी वेळेवर सील फोडलं नाही म्हणून गेलं. तुझी चूक नाही.” शुभदा देवघराशी उभी होती. ती आवाजाच्या दिशेनं वळली. ह्या वेळी मान बरोबर वळली, फोन होता तिथं. तिनं पदर सारखा केला. घरी आलेल्या, आपलं भलं चिंतणाऱ्या पण परक्या बाईशी बोलावं तशी ती नम्रपणे म्हणाली, “तुम्ही म्हणणारच हो तसं. त्यांनी सांगितलं असेल तुम्हाला.” नंदकिशोरनं पुन्हा बटण दाबलं. बाई पुन्हा तेच, तसंच म्हणाली. शुभदा ऐकून घेत होती, पण उत्तर द्यायला ती थांबली नव्हती. तिचा हात देवघरात चाचपत होता. हळदकुंकवाची चांदीची कोयरी तिच्या हाती लागली. लग्नात तिच्या आईनं दिलेली. तिनं झाकण घट्ट बसवलं, अंगठ्यानं दाबून बघितलं, आणि कोयरी पुढे केली, तो उभा होता त्याच्या वीतभर डावीकडे.

“ही माळ्यावर ठेवा,” ती म्हणाली. “माझा हात पोचणार नाही अशी ठेवा.”

त्यानं कोयरी घेतली नाही. तिच्या हातावर दोन ठोके दिले.

“नाही काय? ठेवा म्हणते ना. अजून काही तरी बिघडवीन मी.”

कोयरी तिच्या हातात तशीच होती. तिनं हात आणखी लांब केला. त्यानं ती घेतली, आणि तो स्वयंपाकघरातून स्टूल आणायला गेला.